कोरायचा राहिलेला चेहरा

रविवार, ७ सप्टेंबर

विहीणबाई,

पाकिटावरचं माझं वेडंवाकडं अक्षर ओळखूनही तुम्ही ते उघडलंत, तेवढ्यासाठी आधी नमस्कार घ्या. आपलं बोलणं बंद होऊन पावणेतीन वर्षं झाली. मी भांडण उकरायला लिहीत नाहीये. मी फार आनंदात आहे आणि तुम्हाला कळवल्याशिवाय तो आनंद माझ्या पोटात राहीना. दुसऱ्या कुणाला सांगून ती मजा नाही.

तर असं झालं. शनिवारी माझा लेक आणि तुमची लेक, दोघांचीही कामावर पाळी असते. घरात मी आणि आपली भिंगरी. (तुम्ही "तुमची" नात म्हणायचात, मी "माझी" म्हणते, म्हणून आज "आपली" लिहिलं. माझं मन मोठं आहे.) पोरगी नऊ वर्षांची झाली, पण एका जागी बसेल तर शपथ. तिच्या शाळेतून एक कागद आला की विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात सहा शनिवार कार्यक्रम आहे, एक मूल आणि घरातलं एक मोठं माणूस असं जोडीने यायचं, रंग कागद सगळं तिकडचं, आणि सगळं फुकट. फुकट म्हटल्यावर मला आधी संशय आला. जगात फुकट काय मिळतं, तर सल्ला. पण गेलो.

काय ती इमारत. फरशी अशी की चप्पल काढावीशी वाटते. मी काढलीही, तर दारावरचा पहारेकरी म्हणाला, "आजी, घाला, इथे कुणी काढत नाही." मग आत गेल्यावर तोच म्हणाला, "चित्रांना हात लावायचा नाही." मी म्हटलं, एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्री केलीय, डॉक्टरांच्या कोटांना सोडून कशाला हात लावायची मला सवय नाही. तो हसला. आता ओळख झालीय आमची.

शिकवायला एक तिथलीच विद्यार्थिनी आहे. बारीक, चष्मेवाली, आणि तिच्या दोन्ही कोपरांना कायम रंग लागलेला. मी तिला कोपरवाली म्हणते. तिने आम्हाला एका चित्रासमोर बसवलं आणि म्हणाली, पंधरा मिनिटं नुसतं बघायचं, बोलायचं नाही. मला वाटलं, झालं, डुलकी लागणार. चित्र साधंच. टेबल, त्यावर पांढरं कापड, वर एक भांडं. सगळे भांड्याबद्दल बोलले. एक गृहस्थ एकटेपणाबद्दल बोलले, त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, हे कापड ओलसर असताना घडी केलंय. आधी तिनात, मग चारात. मधली रेघ खोल आहे आणि बाजूच्या फिकट, म्हणजे बरेच दिवस दुसऱ्या कपड्यांखाली दाबून ठेवलेलं. कुणीतरी खास पाहुण्यांसाठी आज काढलंय, आणि इस्त्री फिरवायला तिला वेळ मिळाला नाही.

विहीणबाई, कोपरवालीने ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं. लिहून. तुम्ही तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीत, तुमचं असं कुणी लिहून घेतलं का ते मला माहीत नाही, मी आपलं सहज विचारते.

येताना भिंगरीने पूर्ण रस्ताभर माझा हात धरला होता. एकदा सोडला, पण तो पाणी प्यायला.

तुमची विहीण


सोमवार, १५ सप्टेंबर

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. सूनबाई म्हणाली, "आईने पत्र वाचलं, पण काही बोलली नाही." वाचलंत ना, मग झालं. मला ऐकणारं माणूस लागतं, बोलणारी मी आहेच.

दुसरा शनिवारही झकास गेला. कोपरवालीने सगळ्यांना पेन्सिली दिल्या आणि सांगितलं, समोरच्या माणसाचं चित्र काढायचं, पण कागदाकडे बघायचं नाही आणि पेन्सिल उचलायची नाही. मी भिंगरीला काढलं. ती म्हणाली, "आजी, हा बटाटा आहे." मी म्हटलं, आहेच तू बटाटा. इतकं हसलो की शेजारच्या खोलीतला पहारेकरी डोकावून गेला. मी जन्मात पेन्सिल धरली ती हिशेब आणि सही करायला. चौथीत शाळा सुटली, चित्रकलेचा तास पाचवीपासून होता. एका वर्षाने हुकलं. नाहीतर आज मीही कुणाची तरी चित्रं काढणारी विहीण म्हणून तोऱ्यात असते.

आता एक सांगायचं नव्हतं, पण हात लिहितोच आहे. भिंगरीने माझं चित्र काढलं ते बघून कोपरवाली थांबली. म्हणाली, "ही रेघ कुठे शिकलीस गं?" पोरगी म्हणते, "रंगआजीने शिकवलं."

तुम्हाला माहीत नसेल, ती तुम्हाला रंगआजी म्हणते. मी इस्त्रीआजी. नावं तिनेच पाडली, मी नाही. सहा वर्षांची असताना तुम्ही पंधरा दिवस तिच्याशेजारी बसलात आणि रंगआजी झालात. मी नऊ वर्षं तिचे डबे भरले, वेण्या घातल्या, तापात पाय चोळले, आणि मी कोण, तर इस्त्री. बरं, असो. मी कोपरवालीला म्हटलं, पेन्सिलीला टोक मी काढून दिलंय. ती म्हणाली, "छान काढलंय टोक, आजी." मुलगी गुणाची आहे.

शेवटी मुलांनी एकेक कार्ड केलं. शेवटच्या शनिवारी, ११ ऑक्टोबरला, सगळ्यांचं काम संग्रहालयाच्या भिंतीवर लागणार आहे, आणि प्रत्येक मुलाला बाहेरचं एकच माणूस बोलवता येतं. भिंगरीने फार मन लावून केलं कार्ड. कुणासाठी, ते मी काही विचारलं नाही.

आणि हो, भिंत. भिंतीवरून आठवलं. तुम्ही आणि पोरीने मिळून तुमच्या त्या मुक्कामात आमच्या मधल्या खोलीची अख्खी भिंत रंगवली होती, आणि तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी ती घासून पुसून काढली, म्हणून तुम्ही मला अडाणी म्हणालात. तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगते. घरमालक येणार होते. घरमालकांना भिंतीवर काही चालत नाही. म्हणून पुसली. दुसरं काही कारण नव्हतं.

तुमची विहीण


रविवार, २१ सप्टेंबर

विहीणबाई,

आज पत्र लहान आहे.

काल ठसे करायचे होते. लिनो म्हणून एक रबरासारखी पट्टी मिळते, तिच्यावर मूल लहानशा कोरणीने चित्र कोरतं, मग त्याला शाई लावून कागदावर उमटवायचं. कोरणं मुलाचं, उमटवणं मोठ्याचं. उमटवायचं पुढच्या शनिवारी. काल नुसतं कोरलं.

खरं सांगायचं तर मी पहिला अर्धा तास तिथे नव्हते. खुंटीवर एप्रन टांगले होते, शाईने माखलेले, आणि कोपऱ्यात चांगली दगडी मोरी आणि साबण. माझ्याच्याने बघवेना. सगळे एप्रन धुऊन पिळून वाळत घातले. कोपरवाली म्हणाली, "आजी, ते असेच असतात." मी म्हटलं, असेच असतात म्हणून तर धुवायचे.

परत येऊन बघते तर भिंगरीची पट्टी तयार. तीन माणसं. मध्ये ती, एका बाजूला मी, एका बाजूला तुम्ही. ओळखू आलो. माझा अंबाडा, तुमचे कापलेले केस. तुम्ही अख्ख्या होतात. गुळगुळीत, एक ओरखडा नाही, नुसती कडेने रेघ. आणि माझ्या जागी कोरणीचे चरे. पार अंबाड्यापासून पायापर्यंत खरवडून काढलं होतं. चष्म्याच्या दोन रेघा तेवढ्या शिल्लक. माझं खरवडलेलं अंग टेबलावर बारीक बारीक वळ्या होऊन पडलं होतं, आणि पोरगी ते फुंकर मारून खाली पाडत होती.

नऊ वर्षांच्या लेकराला काय बोलायचं. केर गोळा केला.

तेव्हा जिंकलात तुम्ही. मागच्या पत्रात घरमालकांचं लिहिलं ते खोटं आहे. घरमालक चार वर्षांत आले नाहीत, छप्पर गळलं तेव्हाही आले नाहीत. तुम्ही रंगवलेल्या त्या भिंतीवर घर होतं, झाड होतं, कुत्रा होता जो आमच्याकडे नाही, लेक, सून, पोरगी, तुम्ही. मी दोनदा बघितलं, कंदिलासारखा दिवा हातात धरून बघितलं. मी नव्हते. माझ्या घराच्या भिंतीवर कुत्रा होता आणि मी नव्हते. म्हणून पुसली. दोन बादल्या पाणी लागलं. अडाणी म्हणालात ते पुसल्याबद्दल असेल तर म्हणा, पण कुठून सुरुवात झाली तेही लिहून ठेवा कुठेतरी.

भिंगरी रोज विचारते, "उत्तर आलं का?" मी म्हणते, टपालाला वेळ लागतो.

तुमची विहीण


रविवार, २८ सप्टेंबर

विहीणबाई,

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतेय. आधी फोन करायला गेले होते. तुमच्याकडे घंटी वाजली, तुम्ही उचललात, "हॅलो" म्हणालात, आणि मी ठेवून दिला. ती मीच होते. कागदावर मला धीर येतो, तिकडून कुणी मध्ये बोलत नाही.

क्रमाने सांगते, नाहीतर मी भरकटेन.

काल उमटवायचा दिवस. काचेवर काळी शाई ओतली, रूळ फिरवला, पट्टीला लावली, वर कागद ठेवला, आणि कोपरवालीने माझ्या हातात लाकडी चमचा दिला. चमच्याच्या पाठीने कागद घासायचा. सगळ्यांचे ठसे कुठे गडद कुठे फिके, एका गृहस्थांचा कागदच फाटला. मी चमचा धरला आणि हाताला आपोआप कळलं. जोर सगळीकडे सारखा, कडेपासून मध्ये, थांबायचं नाही, परत मागे जायचं नाही. कोटाच्या पाठीवर इस्त्री फिरवतात तसं. कोपरवालीने इतर मोठ्यांना माझ्याभोवती उभं केलं. म्हणाली, "हात बघा, नुसता हात बघा." विहीणबाई, साठी उलटली, आजवर कुणी मला उभं राहून बघितलं नव्हतं. माझ्या मनात लगेच आलं, हे तुम्ही बघायला हवं होतं. ते सांगतेय, कारण आज खरं सांगायचं ठरवलंय.

मग कागद उचलला.

मी पांढरी होते. लख्ख. अंबाडा, साडी, हात, सगळं पांढरं, आणि काळ्यात असा उजेड पडावा तशी मी उभी. आणि तुम्ही काळ्या. सगळ्या काळ्या. केस, तोंड, सगळं एक डाग.

मी कोपरवालीला म्हटलं, उलटं झालं का हो? ती म्हणाली, "नाही आजी, जे कोरतो तिथे शाई लागत नाही, ते पांढरं राहतं. कोरायच्या दिवशीच सांगितलं होतं." तेव्हा मी एप्रन धूत होते. पोरीने मला खरवडलं नव्हतं, मला उजेडात काढलं होतं. आठ दिवस मी उगीच कुढले आणि लेकराच्या पोळीला तूप कमी लावलं.

मला आधी काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, बघा म्हणावं. कोण पांढरं, कोण काळं. माझा जीव असा फुलला होता की मी मोठ्याने विचारलं, "भिंगरे, रंगआजी अशी काळी का गं?" मला ऐकायचं होतं. सगळ्यांसमोर ऐकायचं होतं.

पोरगी म्हणाली, "तिचा चेहरा मला आठवत नाही."

मी म्हटलं, असं कसं, तुझी लाडकी ना ती.

"बाजूने आठवतो. ती माझ्या शेजारी बसायची ना, रंगवताना. कान आठवतो. कानातली पिन आठवते. समोरून नाही आठवत. म्हणून मी कोरलंच नाही. चुकीचं कोरलं तर परत भरता येत नाही."

तुम्ही फोटो काढू देत नाही, फोटो म्हणजे आळशी माणसाचं चित्र म्हणता. फोनवर तोंड दाखवत नाही. आणि आमच्याकडे येत नाही, ते माझ्यामुळे. तेव्हा तुमचा तो काळा डाग मी केलाय. चमचा तर मीच फिरवला.

आता दुसरं. ते कार्ड. ते तुम्हाला होतं. भिंगरीने मला टपालात टाकायला दिलं, कारण पत्ता मला पाठ आहे. मी तुम्हाला त्यानंतर दोन पत्रं लिहिली, दोन्ही वेळा पेटीपर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा कार्ड पिशवीतच राहिलं. राहिलं नाही, ठेवलं. पोरीला सांगितलं, टाकलं. एकच माणूस बोलवायचं होतं आणि तिने तुम्हाला बोलावलं, ते मला सोसलं नाही. घरातलं माणूस म्हणून मी जाणारच होते, मला कार्ड कशाला, एवढी अक्कल मला आहे. तरी सोसलं नाही. सोबत पाठवलंय. कोपरा दुमडलाय, तो माझ्या पिशवीतल्या साबणामुळे. इस्त्री करायला गेले तर रंग पसरेल म्हणून केली नाही.

आणि मुख्य. कोपरवालीने समजावून सांगितलं ते तुम्हाला सांगते, तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगते. पट्टीवर कोरलेलं भरता येत नाही, पण न कोरलेलं अजून कोरता येतं. येत्या शनिवारी, ४ ऑक्टोबरला, शेवटचे ठसे काढायचे आहेत. त्यानंतर भिंतीवर. पोरगी म्हणते, रंगआजी आली तर कोरेन, नाहीतर असंच लावा. असंच लागलं तर महिनाभर अख्खं विद्यापीठ येऊन बघेल की आमच्या घरात एक माणूस नुसता डाग आहे.

रात्रीची गाडी पकडा. स्टेशनवर मी येईन. भांडायचं असेल तर वाटेत भांडू, घरी पोरीसमोर नको.

तुमची विहीण


रविवार, १२ ऑक्टोबर

विहीणबाई,

तुम्ही आलात आणि गेलात, आठ दिवस झाले. काल भिंतीवर लागलं. सूनबाईने तुम्हाला फोनवर सगळं सांगितलंच असेल, तिच्या सांगण्यात मीठ नसतं, म्हणून मी लिहितेय.

तुम्ही कालपर्यंत थांबला असतात तर बरं झालं असतं, पण मी आग्रह केला नाही आणि तुम्हीही करू दिला नाहीत. पहिल्या भेटीला दोन दिवस पुष्कळ. स्टेशनवर आपण भांडलोही नाही. तुम्ही म्हणालात, "बारीक झालात." मी म्हटलं, "तुम्ही नाही झालात." तेवढंच. मला वाटतं दोघींची तयारी वाया गेली.

त्या शनिवारचं मला जे बोलता आलं नाही ते लिहिते. पोरीने तुम्हाला स्टुलावर बसवलं. तुम्ही विचारलंत, "कुणाकडे बघू?" आणि ती कोरणी पुसत म्हणाली, "आजीकडे बघ. आजी, तू समोर बस, म्हणजे ती हलणार नाही."

अर्धा तास. विहीणबाई, नवऱ्याने माझ्याकडे उभ्या आयुष्यात एवढं बघितलं नसेल. आधी मी तुमच्या कपाळाकडे बघितलं. मग कानातल्या पिनेकडे, ती खरंच सुरेख आहे. मग बघायला दुसरं काही उरलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मधूनमधून डोळे न हलवता पोरीकडे बघायचा प्रयत्न करत होतात, आणि ती मात्र मान वर करून मला म्हणत होती, "आजी, माझी वेणी सुटली, जरा बांध." मी उठून बांधली. परत येऊन बसले तेव्हा तुमच्या तोंडावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. ओळखणारच. तेच तोंड मी पावणेतीन वर्षं रोज सकाळी मोरीवरच्या आरशात बघतेय.

मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. तुम्ही म्हणालात, "काय झालं?" मी म्हटलं काही नाही, पाय अवघडला. पाय अवघडला नव्हता.

चित्र छान लागलंय. तुमचं नाक थोडं मोठं आलंय, पण ते पोरीच्या हातामुळे नाही. लोक येतात, तिघींसमोर थांबतात. मी कोपऱ्यात बाकावर बसून मोजलं. आधी तुमच्याकडे बघतात, कारण तुमच्या तोंडावर रेघा जास्त आहेत, मग पोरीकडे, मग माझ्याकडे. एका बाईने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, पण तिला चष्मा लागलेला दिसत होता. पहारेकऱ्याला मी सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर ही मधली कोण, ती पांढरी कोण, सगळं नीट सांगायचं. तो म्हणाला, "आणि ही दुसरी?" मी म्हटलं, ती हिची रंगआजी, शाळेत चित्रकला शिकवायची, लांब राहते, तिच्यामुळे पोरगी काढायला लागली. एका दमात म्हटलं, म्हणजे मध्ये विचार बदलायला नको.

हे सहा शनिवार संपले, पण डिसेंबरात दुसरे सुरू होताहेत, मातीकामाचे. तेही फुकट. जोडीने यायचं, तिघं चालतील का ते कोपरवालीला विचारलं. ती म्हणाली चालतील. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. मी बोलावलं असं काही नाही. पण मधल्या खोलीतला पलंग मी खिडकीकडे सरकवलाय आणि तुमच्या पाठीला कडक गादी लागते ते सूनबाईकडून विचारून घेतलंय.

आता शेवटचं. गाडी सुटायच्या आधी तुम्ही खिडकीतून एक वाक्य बोललात आणि लगेच तोंड आत घेतलंत. म्हणालात, "मला कोरायला तिला माझ्याकडे बघावं लागलं. तुम्हाला तिने न बघता कोरलं."

मी तशीच फलाटावर उभी राहिले, गाडी गेली तरी. खोटं सांगणार नाही, मला फार बरं वाटलं. मग तुमचं तोंड आठवून वाईट वाटलं. घरी येईपर्यंत वाटत होतं. दारात भिंगरीने पळत येऊन विचारलं, "रंगआजी रडली का?" मी म्हटलं, नाही गं, ती कशाला रडेल. आणि तिने माझी पिशवी घेतली, आणि मला परत बरं वाटलं.

तुमची विहीण